'बटण तर बंद होतं!' : शॉक खाल्लेल्यांसाठी धागा

काल एलईडी बल्बचा होल्डर बदलताना बोटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. बटण बंद होतं. नंतर टेस्टर लावला तर कळलं, वायरमनने बटण न्यूट्रलवर घेतलेलं. फेज सरळ होल्डरपर्यंत हजर! घरी २३० व्होल्टशी खेळणाऱ्यांनो, तुमचेही किस्से येऊ द्या. फुशारकी चालेल, फक्त नेमकं कुठे चुकलं ते लिहा.

*

माझा मान टीव्हीच्या पॉवर बोर्डाचा. प्लग काढून, चहा पिऊन आलो आणि बोर्ड उचलला. अंगठा बरोबर मोठ्या कपॅसिटरच्या (वीज साठवून ठेवणाऱ्या भागाच्या) दोन पायांवर. २३० एसी रेक्टिफाय झालं, म्हणजे एकाच दिशेचं केलं, की सव्वातीनशेच्या आसपास डीसी होतं, आणि ते काढून टाकणारा रेझिस्टर उडालेला असेल तर प्लग काढल्यावरही तिथेच दबा धरून बसतं. बोर्ड भिंतीवर जाऊन आपटला, अंगठ्यावर दोन पांढरे ठिपके आठवडाभर होते. आता आधी मीटरने मोजतो, मग वायरी जोडलेला ६० वॅटचा बल्ब टेकवतो. लुकलुकतो, विझतो. पुन्हा मोजतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणाऱ्या शूरवीरांना लांबूनच नमस्कार.

*

मला शॉक नाही, खिशाला बसला. सेकंडहँड ऑसिलोस्कोपच्या (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राच्या) प्रोबचा चिमटा ब्रिज रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या, निगेटिव्हला लावला. फट्! तो चिमटा आतून थेट अर्थिंगला जोडलेला असतो, हे तेव्हा कळलं. एका मित्राने सुचवलं, स्कोपची अर्थ पिन काढून टाक. अजिबात ऐकू नका, मग स्कोपचा अख्खा डबाच लाइव्ह होऊ शकतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सर्किट मेन लाइनपासून अलग ठेवणारा) घ्या, आणि तो सर्किटला लावा, स्कोपला नाही.

*

ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवायला २३० व्होल्ट थेट कपॅसिटरमधून उतरवणारा सप्लाय केला होता. मीटर म्हणतोय ५ व्होल्ट, मी खूश. प्रोग्रॅम टाकायला लॅपटॉपची यूएसबी जोडली आणि लॅपटॉप गेला. ते ५ व्होल्ट दोन टोकांमधले हो! दोन पिनांचा प्लग उलटा बसला की दोन्ही टोकं जमिनीच्या मानाने २३० वर.

*

धागाकर्ता : पण आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असला की निर्धास्त ना?

*

नाही हो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जमिनीकडे गळणारा करंट ओळखतो. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल असेल तर त्याच्या लेखी तुम्हीही एक बल्बच. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पुढचंही त्याला दिसत नाही. म्हणून चालू सर्किटवर मोजताना माझा डावा हात खिशात.

*

काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. उघडलेला कुठलाही सेट आधी सिरीज बोर्डवर, म्हणजे १०० वॅटच्या बल्बमधून. बल्ब लख्ख पेटला की आत शॉर्ट. क्षणभर पेटून मंदावला की काका 'हं' म्हणायचे. शॉक मात्र सिरीजमध्येही बसतो, माझा अनुभव आहे. एलईडीवर हे काम होत नाही आणि तारेचे १०० वॅटचे बल्ब आता शोधावे लागतात. माझ्याकडे तीन आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेले. मागू नका.