आठवड्यातून एकदाच सावकाश वजन उचलून भागतं का?

तापीकाठ (भुसावळ):
राम राम मंडळी. रेल्वेत शिफ्ट ड्युटी आहे, नाईट लागली की सगळं वेळापत्रक कोलमडतं म्हणून रोज जीम जमत नाही. आमच्या जीममधला एक जण एकदम सावकाश व्यायाम करतो, वजन उचलायला १० सेकंद, सोडायला १० सेकंद अशी एक रेप (रिपिटिशन), एका मशीनवर अशा सलग रेपचा एकच सेट आणि तोही वजन हलेनासं होईपर्यंत. पाच मशीन झाल्या की घरी, परत थेट पुढच्या आठवड्यात. मी पण तेच धरलंय. लेग प्रेसच्या शेवटच्या रेपला मांड्या अशा लटलटतात की उतरून बाकड्यावर बसावंच लागतं. पण बाकी पोरं म्हणतात आठवड्यातून एकदा हा काय व्यायाम, सहा दिवस यायला पाहिजे. वय ४४. किती दिवसांनी करू?

लोखंडी भाऊ (जळगाव):
भाऊ, सहा दिवसवाल्यांचं ऐकू नको, असा सेट रोज मारला तर पंधरा दिवसात कंबर धरून बसशील. ही पद्धत जुनी आहे. नॉटिलस मशीन काढणारे आर्थर जोन्स थोडाच पण जीव तोडून व्यायाम करा म्हणायचे, आणि १९८२ च्या सुमारास केन हचिन्स यांनी हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर बायकांसोबत काम करताना वजन सावकाश उचलायची पद्धत बसवली, कारण सावकाश उचललं की झटका बसत नाही.
पण सात दिवस थांबायची पण गरज नाही. जड व्यायामानंतर स्नायू बांधायचं काम शरीरात साधारण एक-दोन दिवस जोरात चालतं, मग ओसरतं. २०१६ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र तपासणी झाली होती, त्यात एका स्नायूला आठवड्यातून दोनदा काम दिलेल्यांची वाढ एकदावाल्यांपेक्षा जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटना पण किमान दोन दिवस म्हणते. तू तीन-चार दिवसांनी कर, नाईटच्या आठवड्यात एकदाच केलं तरी चालेल, झोप नसताना ओढून ताणून जाऊ नको.
आणि वही ठेव. प्रत्येक मशीनवर किती वजन आणि किती सेकंद टिकला ते लिही. ६० ते ९० सेकंदात दम संपला पाहिजे, ९० च्या पुढे गेला की वजन थोडं वाढव. लागोपाठ दोनदा सेकंद घटले तर एक-दोन दिवस सुट्टी वाढव. शरीर भरून आलं का नाही हे वहीच सांगते, बाकी कोणाला विचारायची गरज पडत नाही.

धुळेकरीण:
लोखंडी दादा, दिवसांचं बठ्ठं बरोबर शे, पण १० सेकंदांचा हट्ट कशाला? अख्खी रेप आठ सेकंदांपर्यंत झाली तरी स्नायूंची वाढ जवळपास सारखीच होते, फार सावकाश केलं तर वजनच इतकं कमी घ्यावं लागतं की वाढ मागे पडते. तीन सेकंद वर, चार खाली, बस. आणि तापीकाठ भाऊ, शेवटच्या रेपला श्वास रोखू नका, तोंड उघडं ठेवून सोडत राहा, नाहीतर बीपी एकदम चढतं. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी हात जोडून सांगते.

केळीवाला (रावेर):
ड्युटीवर वजन उचलता का बसून काम आहे ते पण सांगा भाऊ. आमच्याकडे केळी कापणी चालू असली की दिवसभर घड खांद्यावर, त्या दिवसात पोरं जीमला गेली की दुखणंच घेऊन येतात. असं काम असेल तर दिवस अजून लांबवा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा पहाटेच उरका. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर अन उडदाची डाळ घरात असताना प्रोटीन पावडरच्या डब्याला पैसे घालू नका, वर दूध-अंडी वाढवा.

तापीकाठ (भुसावळ):
काम बसून आहे, बीपी नॉर्मल आहे. मग सोमवार-गुरुवार धरतो, नाईटला फक्त एकदा. धुळ्याच्या ताईंचं ऐकून तीन-चार सेकंदांवर येतो. मशीन बंद असली तर स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा) पण असाच दम संपेपर्यंत चालेल का?

लोखंडी भाऊ (जळगाव):
खांद्यावर बार घेऊन एकटा असताना अजिबात नको, खाली अडकशील. मोकळ्या अंगाने किंवा हातात डंबेल धरून कर, दम संपला की टाकून देता येतं.