राखणीचा कुत्रा कायम साखळीला : कोल्हापुरात तक्रार कोठे व कशी करावी?

नमस्कार,

आमच्या फुलेवाडी भागातील एका अर्धवट बांधकामावर राखणीसाठी ठेवलेला कुत्रा रात्रंदिवस साखळीला बांधलेला असतो. त्याचे हाल थांबावेत यासाठी कोणत्या कलमाखाली आणि कोणाकडे अर्ज करावा, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

साखळी जेमतेम दोन हात लांब आणि गुरांना वापरतात तशी जाड आहे. वर एक कललेला पत्रा आहे खरा, पण कोल्हापूरचा पाऊस कसा असतो हे येथे वेगळे सांगायला नको. झड लागली की पत्र्याखाली पाणी साचते आणि बसायला कोरडी जागा न उरल्यामुळे ते मुके जनावर तासन्‌तास उभेच राहते. मालक शहरात दुसरीकडे राहतात. ते संध्याकाळी येऊन भाकरी घालतात, मात्र पाण्याचे भांडे साखळीत अडकून उपडे झाले, तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ते कोणी सरळ करत नाही. पट्ट्याखालची कातडी आता सोलवटली आहे.

मालक वडीलधारे आहेत, त्यामुळे मी प्रथम त्यांच्याशीच बोललो. "मोकळा सोडला आणि कोणाला चावला, तर निस्तरायचे कोणी?" असे त्यांनी विचारले. त्यांची भीती खोटी नाही. परंतु सदैव बांधून ठेवलेला, माणसांचा सहवास नसलेला कुत्रा अधिक बिथरतो, आणि आवाराला कुंपण असल्याने फाटक लावून त्याला आत मोकळे ठेवणे सहज शक्य आहे, हे त्यांना पटले नाही.

मी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वाचला. अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा कलम ११(१)(एफ) नुसार गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हा त्यापुढच्याच (जी) या खंडानुसार, तर पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा (एच) नुसार गुन्हा ठरतो. कुत्र्याचा स्वतंत्र उल्लेख करण्याइतका विचार त्या काळी झाला होता, याचे मला समाधान वाटले. पण "अवाजवी" म्हणजे किती तास आणि किती फूट, हे कायदा सांगत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दिवसाला तीन तासांची मर्यादा घातलेली आहे, तसे येथे नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे. एवढ्या दंडाने कोण बधणार?

पोलीस ठाण्यात प्रकरण अदखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येत नाही असे, असल्याचे सांगण्यात आले. अशा स्थितीत पुढे काय करावे? शेजारधर्म न मोडता काही साध्य झाले, तर मला ते अधिक आवडेल.

प्रतिसाद :

आपण उल्लेख केलेले तिन्ही खंड अदखलपात्रच आहेत, त्यामुळे ठाण्यातील उत्तर चुकीचे नव्हते. मात्र ते अपुरे होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार अशा तक्रारीची नोंद करून घ्यावी लागते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने तपासही करता येतो. म्हणून लेखी तक्रार द्या आणि नोंदीची प्रत मागून घ्या.

आपल्या उपयोगाचे खरे कलम म्हणजे १९६० च्या कायद्यातीलच कलम ३४ आहे. गुन्हा घडत असल्याचे मानण्यास कारण असेल आणि परिस्थितीला आवश्यक वाटले, तर शिपायाहून वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी प्राणी ताब्यात घेऊन दंडाधिकारी किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे तपासणीसाठी हजर करू शकतो. मानेची जखम, साखळीची लांबी आणि साचलेले पाणी तारखेसह दिसेल अशी छायाचित्रे अर्जाला जोडा, कारण तासांची मर्यादा लिहिलेली नसल्यामुळे "अवाजवी" काय ते अशा पुराव्यावरूनच ठरते. विलंब मात्र करू नका. कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला भरता येत नाही.

दंड क्षुल्लक आहे, हे खरे. तरीही दोष सिद्ध झाल्यावर, प्राणी मालकाकडेच राहिल्यास त्याचा पुन्हा छळ होण्याचा संभव दिसला, तर न्यायालय कलम २९ नुसार मालकी काढून घेऊ शकते. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी, अशी २००१ च्या नियमांत तरतूद आहे. तिच्या नावे एक अर्ज जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात द्या.

शेजारधर्माचा प्रश्न राहिला. अर्ज देण्यापूर्वी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना जखम दाखवण्यासाठी मालकांना सोबत घेऊन जा. शेजाऱ्याने सांगितलेले न पटलेला माणूस डॉक्टरांचे ऐकतो, असा माझा अनुभव आहे. फाटक दुरुस्तीचा खर्च गल्लीतील चार जणांनी उचलण्याची तयारी दाखवलीत, तर चावण्याच्या भीतीचाही प्रश्न त्याच भेटीत मिटू शकेल.