घरच्यांना गेमिंगचा अवॉर्ड शो दाखवायचा तर नेमकं काय दाखवू?

हळदगावचा_गेमर (सांगली):
मंडळी जरा लांबलचक प्रश्न आहे, सांभाळून घ्या. धाकट्या भावाला बारावीनंतर पुण्यात गेम आर्टचा, म्हणजे गेममधली चित्रं-पात्रं बनवायचा कोर्स करायचाय. बाबा मार्केट यार्डात अडत दुकानात, दिवसभर हळदीचे सौदे, आणि त्यांच्या डोक्यात गेम म्हणजे पबजी आणि पबजी म्हणजे पोरगं वाया. त्यांचा तरी काय दोष, टीव्हीवर हेच दिसतं. बातमी लागली की "मोबाईल गेमच्या नादात" इथनंच सुरू, आणि सिरियलमधला बिघडलेला भाचा असला की त्याच्या गळ्यात हेडफोन ठरलेला.
म्हणून डिसेंबरात मी द गेम अवॉर्ड्स यूट्यूबवरनं हॉलच्या टीव्हीला लावलं. आपल्याकडं शुक्रवारी सकाळी साडेसहाला मेन शो सुरू होतो, बाबा तेव्हा चहा घेऊन बसलेलेच असतात. म्हटलं एवढं मोठं थिएटर, कोट घातलेली माणसं, बघून तरी वाटेल की ह्यात लोकांचं पोट चालतंय. तर ट्रेलर, मग जाहिरात, मग ट्रेलर, राक्षस, बंदुका, कोणीतरी पिक्चरवाला येऊन जोक मारून गेला, परत ट्रेलर. अर्ध्या तासानं बाबा म्हणाले, "अरे पण बक्षीस कुणाला मिळालं?" आणि मला सांगता येईना राव, कारण मधली काही बक्षिसं होस्टनं किराणा यादी वाचल्यागत एका दमात वाचून टाकली, घ्यायला कोण स्टेजवर आलंच नाही.
बाबा नाटकवेडे आहेत. ५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे पदक असतं, ते चुकवत नाहीत. तिथं पदक ज्याला मिळतं त्याला लोक ऐकायला येतात, तो मनसोक्त बोलतो, कुणी घड्याळ दाखवत नाही. त्यांच्या लेखी अवॉर्ड म्हणजे ते. तर असा कुठला शो किंवा शोचा तुकडा आहे का ज्यात गेम बनवणारी माणसं धड दिसतात?

कराडी_कन्सोल:
भावा तुझ्या बाबांनी जे विचारलं तेच इथले जुने लोक १० वर्षं विचारालेत. २०२३ चा शो काढून बघ. बाल्डर्स गेट ३ ला गेम ऑफ द इयर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम गेमचं बक्षीस मिळालं, लॅरियन स्टुडिओचा प्रमुख स्वेन विंके चक्क चिलखत घालून स्टेजवर आला, टीममधल्या वारलेल्या सहकाऱ्याबद्दल बोलत होता आणि समोर स्क्रीनवर "कृपया आवरा" अशी पाटी. त्याच शोमध्ये गेम बनवणारा कोजिमा आणि पिक्चरवाला जॉर्डन पील येऊन निवांत गप्पा मारून गेले, का तर नवीन गेमची घोषणा होती. त्यावर लई बोंब झाली आणि पुढच्या वर्षी बोलायला जरा जास्त वेळ दिला, हे पण सांगायला पाहिजे.
आणि हे आजचं दुखणं नाही. मूळ शो २००३ चा, स्पाइक नावाच्या केबल चॅनेलवर, जो स्वतःला पुरुषांचा चॅनेल म्हणवून घ्यायचा. त्यामुळं गेम म्हणजे रिकामटेकड्या पोरांची करमणूक असाच सगळा सूर, होस्ट पिक्चरमधले, विनोद पांचट. २०१३ ला त्याचं नाव व्हीजीएक्स केलं आणि होस्ट जोएल मॅकहेल शोभर गेमचीच टिंगल करत बसला, बाजूला सहहोस्ट जेफ कीली कसनुसं हसतोय. ते बघवत नाही. मग कीलीनं २०१४ ला स्वतःचे पैसे घालून द गेम अवॉर्ड्स काढलं, टीव्ही चॅनेल सोडून सरळ इंटरनेटवर. म्हणजे आज जे दिसतंय ते सुधारलेलं रूप आहे, विचार कर.
तुझ्या बाबांसाठी दोनच क्लिप. एक २०२४ ची, विंके परत आला होता गेम ऑफ द इयर जाहीर करायला, आणि पैशासाठी, मार्केट शेअरसाठी नाही तर स्वतःला खेळावासा वाटेल असा गेम बनवणारेच पुढं जातात ह्या अर्थाचं बोलला. समोर मोठमोठे पब्लिशर बसलेले. दुसरी २०२५ ची, खाली कुणीतरी सांगेलच.

मिरजेची_तार:
कराडी भाऊ तुमचं बरोबर आहे पण सगळं झोडपू नका. आमच्या घरात तंबोरे-सतारी बनतात, वडिलांना गेममधलं ओ का ठो कळत नाही, पण शेवटचा ऑर्केस्ट्राचा भाग त्यांनी दोनदा लावायला सांगितला. गेम ऑफ द इयरच्या सगळ्या नॉमिनीचं संगीत जोडून वाजवतात, लॉर्न बाल्फ कंडक्टर. २०२२ ला त्यात पेद्रो युस्ताश नावाचा वादक होता, बासरी अशी जीव तोडून वाजवत होता की नेटवर त्याचं नावच फ्लूट गाय पडलं. वडील म्हणाले हा माणूस फुंकत नाही, भांडतोय. त्या कार्यक्रमात कुणी पहिल्यांदा त्यांना वाजवणारा माणूस दाखवला, गेम नाही. नाटकवेड्या माणसाला हे पटेल. आधी ते लाव, भाषणं नंतर.
आणि ट्रेलर काढून टाकले तर शो बघणार कोण? लोक ट्रेलरसाठीच येतात, मी पण त्यातलाच.

कंदी_पेढा (सातारा):
ट्रेलर असू देत हो, पण ते फुकट लागत नाहीत. कीलीचाच उन्हाळ्यातला समर गेम फेस्ट असतो, तिथं २०२४ ला एका मिनिटाच्या ट्रेलरला अडीच लाख डॉलर असा दर असल्याची बातमी आली होती. म्हणजे दाखवायची जागा विकली जाते आणि बक्षिसाला उरलेला वेळ. ह्याला अवॉर्ड शो म्हणायचं की प्रदर्शन?
मला जास्त खटकतं ते वेगळंच. शोला कायम वाटतं की सिनेमावाला शेजारी उभा केल्याशिवाय आपल्याला कोण विचारणार. २०२२ ला अभिनयाचं बक्षीस द्यायला अल पचिनो, २०२३ ला गेम ऑफ द इयर द्यायला टिमोथी शालामे. मला पचिनो आवडतात, प्रश्न तो नाही. पण लेव्हल डिझाइन करणारी, बग शोधणारी, ॲनिमेशनची एकेक फ्रेम घासणारी माणसं त्या स्टेजवर कधी बोलताना दिसत नाहीत. २०२३ मध्ये त्या इंडस्ट्रीत हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि स्टेजवर अवाक्षर नाही. २०२४ ला मात्र अमीर सतवत ह्यांना गेम चेंजर म्हणून गौरवलं, नोकरी गेलेल्यांना काम शोधून द्यायला मदत करत होते ते. ती क्लिप बाबांना नक्की दाखवा, पण आधी ठरवा की दाखवायची का, कारण त्यातनं त्यांना "म्हणजे ह्यात पण नोकऱ्या जातात" हेही कळणार. कळू दे, माझ्या मते.
बाकी शांतपणे बघायचं तर ब्रिटनमधल्या बाफ्टाचे गेम्स अवॉर्ड. सिनेमाची तीच संस्था, ॲनिमेशन, आवाज, कला अशी वेगवेगळी बक्षिसं, तमाशा कमी. २०१० ला त्यांनी मारिओवाल्या मियामोतोंना फेलोशिप दिली, त्यांच्याकडचा सर्वोच्च मान. ज्यांना पदकाची किंमत कळते त्यांना हे सांगितलं की पुरे.

मिरजेची_तार:
ताई बाफ्टा बघून माझे वडील झोपले असते 😅 पण मुद्दा मान्य.

कराडी_कन्सोल:
अजून एक, लोक म्हणतात आम्ही वोट केलं होतं तरी आमचा गेम हरला. भावांनो पब्लिक वोटला १० टक्केच वजन आहे, ९० टक्के ज्युरी, म्हणजे जगभरातली गेमिंग मीडिया. ह्यावर शिव्या घालणारे बरेच पण मला हे ठीक वाटतं. नाहीतर दरवर्षी ज्याचे फॅन जास्त तोच जिंकणार, आपल्याकडच्या रिॲलिटी शोच्या एसएमएससारखं.

तासगावचा_पॉलिगॉन (सध्या पुणे):
मी गेम आर्टमध्येच काम करतो म्हणून लिहितो. दुसरी क्लिप मी सांगतो. २०२५ ला क्लेअर ऑब्स्क्योर: एक्स्पिडिशन ३३ नं ९ बक्षिसं उचलली. फ्रान्समधला माँपेलिएचा सँडफॉल स्टुडिओ, मुख्य टीम तीसेक जणांची. दिग्दर्शक गियोम ब्रोशनं भाषणात यूट्यूबवर ट्युटोरियल टाकणाऱ्यांचे आभार मानले, म्हणाला की सुरुवातीला आम्हाला गेम कसा बनवतात तेच येत नव्हतं. त्यांचा संगीतकार लोरियां तेस्तार तर त्यांना एका फोरमवर सापडला, आधी एकाही गेमला संगीत दिलेलं नव्हतं. हे बाबांना मराठीत थांबवून थांबवून सांग, सबटायटलच्या भरवशावर सोडू नको.
पण भावा माझ्या घरी ह्यातलं काहीच चाललं नव्हतं. चाललं ते राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला गेम, किकस्टार्टर म्हणजे लोकांकडनं वर्गणी गोळा करायच्या साइटवर पैसे जमले नव्हते तरी नेटानं पूर्ण केला, आणि २०२० ला ह्याच गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात नॉमिनेशन. जिंकला फास्मोफोबिया, ते सोड. देवळं, चित्रं, कठपुतळ्या असलेला गेम, आणि बनवणारे पुण्यातले हे ऐकल्यावर आमचे दादा म्हणजे वडील पहिल्यांदा म्हणाले, "पुण्यात कुठं?"
एकच सांगतो, तुझे बाबा अडतीतले आहेत, त्यांना स्टेजपेक्षा हिशोब लवकर कळतो. शो दाखवल्यावर पुढचा प्रश्न फी किती आणि लागल्यावर मिळणार किती हाच येणार. माझ्या बॅचमधले सगळे लागले नाहीत, जे लागले ते पोर्टफोलिओवर, म्हणजे स्वतः केलेल्या कामाच्या नमुन्यांवर लागले, सर्टिफिकेट कुणी उघडून पण बघितलं नाही.

हळदगावचा_गेमर:
दादा "पुण्यात कुठं" वाचून हसलो, आमचे पण हेच विचारतील, वर पेठेचं नाव मागतील. रविवारी यार्ड बंद असतं, तेव्हा आधी मिरजकरांचा बासरीवाला, मग फ्रान्सवाले, मग राजी असा क्रम लावतो. कंदी पेढा ताई, नोकऱ्या जाण्याची क्लिप पण दाखवतो, नाहीतर उद्या म्हणतील लपवलं. कोर्सबद्दल काय काय विचारू ते सांगा ना कुणीतरी.

तासगावचा_पॉलिगॉन:
मागच्या बॅचच्या पोरांची कामं दाखवा म्हण, नुसते फोटो नाहीत तर फाइल. शिकवणाऱ्यानं कुठल्या गेमवर काम केलंय ते विचार, गेमचं नाव घे. फी हप्त्यात किती आणि मधेच सोडलं तर परत किती हे लेखी घे. आणि भावाला आत्तापासून ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर उघडायला लाव, ते फुकट आहे. दोन महिने रोज बसला तर बाबांना दाखवायला त्याचंच काहीतरी असेल.