उर्दू बोलणाऱ्या मित्राला रोजचे इंग्लिश वाक्प्रचार कसे शिकवू?

रिकामटेकडा:
माझा एक मित्र घरी उर्दू बोलतो, इंग्लिश वाचणं-लिहिणं व्यवस्थित, पण मीटिंगमध्ये कोणी 'लेट्स कॉल इट अ डे' (आजचं काम इथेच थांबवू) म्हणालं की हा फोन कोणाला लावायचाय म्हणून बघत बसतो. भलीमोठी लिस्ट पाठ करून झाली, काही उपयोग नाही. परवा खूप दिवसांनी भेटलो तर मला म्हणतो, 'यू हॅव बिकम मून ऑफ ईद'. मला कळलं हो, पण बाकीच्यांना काय डोंबल कळणार? कुठून सुरुवात करू?

खडूस_मास्तर:
लिस्ट आधी फेकून द्या. त्याच्याकडे मुहावऱ्यांचा खजिना आहे, तिथूनच चालू करा. 'मगरमच्छ के आंसू' म्हणजे क्रोकोडाइल टिअर्स, आपले नक्राश्रू, हे फुकटात मिळालं. 'दाल में कुछ काला है' वाटलं की इंग्रजाला उंदराचा वास येतो, स्मेल अ रॅट. 'बाएं हाथ का खेल' म्हणजे अ पीस ऑफ केक, आपला हातचा मळ.
पण ईदच्या चांदाची गंमत बघा. पुस्तकं त्याच्यासमोर सरळ 'वन्स इन अ ब्लू मून' लिहून मोकळी होतात. उर्दूत तो चांद म्हणजे माणूस, क्वचित दिसणारा. इंग्लिशमधला ब्लू मून म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट, 'ही कॉल्स वन्स इन अ ब्लू मून'. माणसाला ब्लू मून म्हणत नाहीत. तुमच्या मित्राला तिथे 'लाँग टाइम नो सी' हवं होतं. म्हणून शब्दाला शब्द जोडू नका, प्रसंगाला प्रसंग जोडा.

घुबड_२२:
माझ्या आयडीवरूनच सांगते, उर्दूत उल्लू म्हणजे मूर्ख आणि इंग्लिशमध्ये घुबड शहाणं 😄 कोणी कौतुकाने 'वाइज ओल्ड आउल' म्हणालं तर भांडणच व्हायचं. तसंच 'पुलिंग युअर लेग', ती नुसती थट्टा असते, पण 'टांग खींचना' थट्टेतही चालतं आणि कोणाला वर जाऊ न देण्यातही, आपल्या पाय ओढण्यासारखं. हे जुळे दिसणारेच जास्त घात करतात.

साधासुधा:
वरच्या दोघांशी सहमत पण एक राहिलं. उर्दूत अ, ॲन, द नाहीत, मराठीतही नाहीत, त्यामुळे आपण सगळेच तिथे आपटतो. 'अंडर द वेदर' म्हणजे जरा बरं नाही, त्यातला 'द' काढला की मजा गेली. लेग एकच ओढायचा, दोन नाही. वाक्प्रचार अख्खा गिळायचा, चावायचा नाही.
आणि बोलायची घाई नको, आधी नुसतं ऐकून समजू दे. माझ्या ओळखीतल्या एकाने शोकसंदेशात 'किक्ड द बकेट' लिहिलं होतं, अर्थ बरोबर, पण 'गचकला' म्हटल्यासारखं झालं ना ते! आणि ते 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'वालं पहिल्या दिवशी शिकवू नका प्लीज, हल्ली धो धो पाऊस आला की लोक सरळ 'इट्स पोअरिंग' म्हणतात.

रिकामटेकडा:
धन्यवाद मंडळी. आज त्याला चांदाचं समजावलं. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणतो, ठीक है, पण 'लाँग टाइम नो सी'मध्ये ग्रामर कुठंय? मास्तर, आता तुम्हीच बघा.