बीबी का मकबरा: संगमरवर निम्मेच का, आणि बांधला कोणी?

रत्नागिरीकर:
दिवाळीच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा पाहिला. भिंतीच्या खालच्या भागात संगमरवर, वर चुन्याचा गिलावा आणि घुमट पुन्हा संगमरवरी, अशी रचना का केली असावी? औरंगजेबाचा मुलगा शहजादा आझमशाह याने तो आईसाठी बांधला, असे वाटाड्याने सांगितले, ते खरे आहे का? आमच्या जांभ्याच्या घराचा गिलावा दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो, म्हणून तेथील भिंतींपुढे मी बराच वेळ उभा राहिलो.

गुहागरकर:
आझमशाहाचा जन्म १६५३ चा, त्याची आई दिलरस बानू बेगम वारली १६५७ मध्ये आणि मकबरा १६६० च्या सुमारास पुरा झाला असे मानतात. तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलाला कर्ता म्हणणे पटत नाही, आज्ञा औरंगजेबाचीच असणार. स्थापत्यकार अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. संगमरवर उत्तरेकडून आणावा लागे. टॅव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर लादलेल्या सुमारे ३०० गाड्या पाहिल्या आणि त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असे तो लिहितो. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे सांगितला जातो. एवढ्या रकमेत दगड मोजूनच वापरावा लागला असेल.

दापोलीकर:
गिलाव्याला दुय्यम समजू नये, ही माझी कळकळीची विनंती. त्याखाली काळा बसाल्ट आहे आणि त्यावरील नक्षी गवंड्यांनी ओल्या चुन्यात उठवली आहे. आपल्याकडेही शिंपले भाजून, चुन्याच्या घाण्यात मळून चुना करीत. तो ओल बाहेर सोडतो, सिमेंट मात्र ती सच्छिद्र जांभ्यात कोंडून ठेवते. तुमच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असल्यास पोपड्यांचे कारण बहुधा तेच असावे. अर्थात तिकडचा पाऊस आपल्या चौथाईहूनही कमी आहे आणि तेथील गिलाव्याची वेळोवेळी डागडुजीही झालेली आहे.

गुहागरकर:
एक राहिले. ताजमहाल बागेच्या टोकाला, यमुनेकाठी उभा आहे. मकबरा मात्र दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीप्रमाणे चारबागेच्या, म्हणजे चार भागांत विभागलेल्या बागेच्या, मध्यभागी आहे. सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आवारात चारही बाजूंनी पाण्याचे पाट मधोमध येऊन मिळतात, ही जुनी मांडणी त्यात जपलेली दिसते. त्यामुळे बागेच्या बाबतीत तुलना ताजशी नव्हे, हुमायूनच्या कबरीशी करावी.

रत्नागिरीकर:
आभारी आहे. आमच्या भिंतीवर सिमेंटच आहे. यंदा मागील पडवीची एक भिंत चुन्याने करून पाहतो.