स्पेक्ट्रमवर यान दगडातून आरपार जातंय!

प्रश्न:
लेकीसाठी ४८के स्पेक्ट्रमच्या (ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक) बेसिक भाषेत दगड चुकवायचा खेळ लिहितोय, एम्युलेटरवर, म्हणजे त्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर. २१व्या ओळीत कुठेही दगड छापायचा, स्क्रीन वर सरकते, यान वाचवायचं. दगड म्हणून साधी फुली होती तोवर टक्कर बरोबर कळायची. काल हौसेने आठ बाय आठ ठिपक्यांचा ओबडधोबड दगड काढला, आणि यान भुतासारखं आरपार! लेक म्हणते, "बाबा, मी हरतच नाही."

उत्तर १:
स्क्रीन-डॉलरने (SCREEN$, स्क्रीनवर त्या जागी कोणतं अक्षर आहे ते सांगणारं फंक्शन) तपासताय ना? त्याला नेहमीची अक्षरंच ओळखता येतात. आपण काढलेलं चित्र, म्हणजे यूडीजी, दिसलं की रिकामी स्ट्रिंग हातावर ठेवतं. अ‍ॅट्रने (ATTR, त्या जागेचा रंग आकड्यात सांगणारं फंक्शन) रंग बघा. काळ्या पेपरवर (पार्श्वभूमीवर) पिवळी इंक (चित्राचा रंग) म्हणजे ६. दगड पिवळे, बाकी सगळं पांढरं, म्हणजे ७. मात्र यान छापायच्या आधी तपासा, नाहीतर स्वतःचाच रंग वाचाल. (मी वाचलाय, दोन रात्री.)

उत्तर २:
मध्येच "स्क्रोल?" विचारत असेल तर पोक २३६९२,२५५ (पोक म्हणजे मेमरीत थेट आकडा लिहिणारी आज्ञा). लूपच्या आत हां, एकदाच टाकून भागत नाही.

प्रश्नकर्ता:
जमलं! तिसऱ्याच दगडाला यान फुटलं. आता लेक रुसलीये, तिला कालचाच खेळ हवाय.