मोबाइल आणि मेंदूतील गाठी: संशय कितपत साधार आहे?

धागाकर्ता: माझ्या मामांच्या उजव्या श्रवणचेतेवर (ऐकण्याच्या नसेवर) गाठ निघाली आहे आणि वीस वर्षे ते त्याच कानाला मोबाइल लावून बोलत आले आहेत. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाइलमधून निघणाऱ्या रेडिओ लहरींना 'संभाव्य कर्करोगकारक' गटात टाकले. १३ देशांतील 'इंटरफोन' अभ्यासात ज्यांचे एकूण बोलणे १६४० तासांच्या पुढे होते, त्यांच्यात ग्लायोमाचा (मेंदूतील गाठीचा एक प्रकार) धोका सुमारे ४० टक्के अधिक दिसला. दहा वर्षांचा हिशेब केला तर हे दिवसाला जेमतेम अर्धा तास होते, आणि आज इतके कोण बोलत नाही?

प्रतिसाद १: मामांना लवकर आराम पडो. मात्र 'इंटरफोन'मध्ये रुग्णांनी आपला वापर आठवून सांगितला होता आणि गाठ झालेला माणूस कारण शोधतच मागे वळून पाहतो. त्या सर्वाधिक वापराच्या गटात काहींनी दिवसाला पाच तासांहून अधिक बोलल्याचे सांगितले, जे पटण्यासारखे नाही. उलट, ब्रिटनमधील सुमारे पावणेआठ लाख स्त्रियांच्या अभ्यासात (२०२२) वापर आधी विचारून मग त्यांच्या आरोग्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले, आणि मेंदूच्या गाठींत वाढ आढळली नाही. शिवाय या लहरींत डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जाच नसते.

धागाकर्ता: बंध तोडणे हा एकच मार्ग असतो, असे आपण का गृहीत धरावे? अमेरिकेतील राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१८ मध्ये नर उंदरांच्या हृदयात गाठी नोंदवल्या. आणि त्या ब्रिटिश अभ्यासातल्या बहुतेक स्त्रिया मध्यमवयीन वा त्याहून मोठ्या, फारसे न बोलणाऱ्या होत्या. सर्वाधिक बोलणाऱ्यांबद्दलचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

प्रतिसाद २: सर्वाधिक बोलणाऱ्यांबाबतचा आक्षेप रास्त आहे, उंदरांचा नाही. त्यांच्या संपूर्ण शरीरावर दिवसाला नऊ तास, दोन वर्षे लहरी सोडल्या होत्या, माद्यांत तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही, आणि लहरी सोसलेले नर इतरांपेक्षा अधिक जगले. मी स्वतः भिणार नाही, पण लांबलचक बोलायचे असेल तर इअरफोन लावतो, आणि रेंज कमी असताना फोन कानाला लावत नाही, कारण तेव्हाच तो सर्वाधिक शक्तीने लहरी सोडतो.